किती छर्रे झाडले, याची वही ठेवच

दहा मीटर एअर पिस्तूल घेतलंस, छान झालं. आता पहिल्या दिवसापासून नोंद ठेव. एकेक शॉट मोजत बसायची गरज नाही. ४.५ मिमी छर्‍यांची डबी बहुधा ५०० ची असते. नवी डबी फोडलीस की झाकणाखाली मार्करने तारीख लिही आणि वहीत एक ओळ टाक: तारीख, डबी कितवी, लॉट नंबर (म्हणजे छर्रे कोणत्या खेपेचे ते). लॉट नंबर विसरू नकोस. कंपनी तीच असली तरी लॉट बदलला की ग्रुप, म्हणजे लक्ष्यावर छर्रे किती जवळजवळ पडतात ते, बदलू शकतो.

शिशाच्या छर्‍यांनी बॅरल सहसा झिजत नाही. थकतात ती सील, म्हणजे हवा गळू न देणारे वॉशर. माझ्या पिस्तुलाचे शॉट एकदा हळूहळू खाली जायला लागले. मी महिनाभर साइटचे, म्हणजे नेम धरायच्या भागाचे, क्लिक फिरवत राहिलो, मनगटाला दोष देत राहिलो. शेवटी सील गेलेलं निघालं. त्यावर किती हजार शॉट झाले होते, हे सांगायला माझ्याकडे वहीच नव्हती! तो महिना मला अजून सलतो.

पिस्तुलाच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीखही आजच उतरवून घे. मुदत साधारण १० वर्षांची असते आणि ती शॉटवर नाही, तारखेवर संपते. मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही, आणि २०० बार दाबाची हवा भरलेली वस्तू हातात आहे हे विसरायचं नाही.

ड्राय सराव (छर्रा न भरता केलेला) वेगळ्या रकान्यात लिही. मॅचचे ६० शॉट आणि सायटर (त्याआधी नेम जुळवायला मारलेले शॉट) मात्र एकत्रच धर, पिस्तुलाला दोन्ही सारखेच.