वाचकांचे प्रश्न : कोयनेची वीज, कोयनेचा भूकंप

प्रश्न : आम्ही मुंबईहून कोयनानगरला गेलो, भिंत आणि सांडवा पाहिला, पण एवढी वीज जिथे तयार होते ते मोठे वीजगृह कुठेच दिसले नाही. ते नेमके कुठे आहे?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ते सह्याद्रीच्या दुसऱ्या बाजूला, कोकणात आहे. कोयना नदी मुळात पूर्वेकडे वाहत जाऊन कराडला कृष्णेला मिळते, आणि त्या दिशेने उतार इतका मंद आहे की केवळ धरणाच्या उंचीवर फारशी वीज मिळत नाही. धरणाच्या पायथ्याचे वीजगृह अवघे ४० मेगावॉटचे आहे. अभियंत्यांनी म्हणूनच धरणामागच्या शिवसागर जलाशयाचे पाणी डोंगराच्या पोटातून भुयाराने पश्चिमेकडे वळवले आणि चिपळूण तालुक्यातील पोफळी येथे, खडकात कोरलेल्या भूमिगत वीजगृहात, साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून खाली सोडले. तिथून बाहेर पडणारे अवजल वाया जात नाही. ते कोळकेवाडीच्या धरणात अडवून त्यावर पुन्हा वीज केली जाते आणि मग ते वाशिष्ठीला मिळते. सर्व टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॉट असून त्यातील १००० मेगावॉट एकट्या चौथ्या टप्प्याचे आहेत.

या चौथ्या टप्प्याचे काम मला सर्वांत विलक्षण वाटते. भरलेला जलाशय रिकामा करणे शक्य नसल्याने भुयार उलट्या बाजूने, जलाशयाच्या तळाखालपर्यंत खोदत नेले, शेवटचा खडक तेवढा शिल्लक ठेवला, फुटणारा दगड साठावा म्हणून त्याखाली खड्डा केला आणि मग सुरुंगाने तो खडक उडवून तळातून पाणी भुयारात घेतले. ‘लेक टॅपिंग’चा हा प्रयोग मार्च १९९९ मध्ये झाला आणि एप्रिल २०१२ मध्ये पुन्हा यशस्वी झाला, दुसऱ्या वेळी उद्देश हा होता की उन्हाळ्यात पातळी खाली गेल्यावरही पाणी घेता यावे.

प्रश्न : १९६७चा भूकंप धरणामुळेच झाला, असे आमच्या घरातील वडीलधारी माणसे ठामपणे सांगतात. त्यात तथ्य आहे का?
– एक वाचक, परळ

उत्तर : बरेच तथ्य आहे, मात्र ‘धरणामुळे’ या शब्दाला थोडी मुरड घालावी लागेल. जलाशयात १९६२च्या सुमारास पाणी साठू लागल्यावर त्या परिसरात लहान धक्के जाणवू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सुमारे साडेसहा तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली, धक्का मुंबईपर्यंत जाणवला आणि इथला वीजपुरवठाही खंडित झाला. जमिनीखालील प्रस्तरभंगात, म्हणजे खडक तुटून सरकलेल्या भेगेत, ताण आधीपासूनच साचलेला होता. जलाशयाचे पाणी भेगांतून खोल मुरले, तिथला दाब वाढला आणि तो ताण मोकळा होण्यास निमित्त मिळाले, असे शास्त्रज्ञ मानतात. जलाशयामुळे उद्भवलेल्या भूकंपांचा विचार जगात कुठेही झाला तरी कोयनेचे उदाहरण पुढे येतेच. पुढे याच अभ्यासासाठी त्या परिसरात ३ किलोमीटर खोल विंधनविवर घेण्यात आले.

धरण मात्र टिकले. १०३ मीटर उंचीच्या या रबल काँक्रीटच्या (मोठे दगड घालून केलेल्या काँक्रीटच्या) भिंतीचा उतार वरच्या भागात जिथे एकदम बदलतो, नेमक्या त्याच पातळीला आडव्या भेगा पडल्या. त्या बुजवून भिंतीला जलाशयाच्या विरुद्ध बाजूने काँक्रीटचा भक्कम आधार देण्यात आला.

प्रश्न : पाण्याखाली गेलेल्या गावांतील लोक कुठे गेले?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : पाटण आणि जावळी तालुक्यांतील कितीतरी कुटुंबे उठली, काही सांगली-सोलापूरकडे वसवली गेली, काही ठाणे-रायगडात, तर अनेकांना मुंबईत आधीच कामाला असलेल्या भावकीचा आधार घ्यावा लागला. महाराष्ट्राचा पुनर्वसनाचा पहिला कायदा १९७६चा, म्हणजे धरण पूर्ण होऊन बरीच वर्षे लोटल्यानंतरचा आहे, आणि धरणग्रस्तांच्या जमिनींचे प्रश्न इतके लांबण्याचे हे एक मोठे कारण मला वाटते. खोऱ्यात वरच्या अंगाला राहिलेल्या काही गावांवर तर पुन्हा उठण्याची वेळ आली, कारण १९८५ मध्ये तिथे कोयना अभयारण्य घोषित झाले आणि २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग बनले.