हिब्रू बायबलमधल्या 'ओरख' शब्दाचा नेमका अर्थ काय?

शब्दशः वाट. पण 'ओरख खायिम', म्हणजे जीवनाची वाट, असं जोडून आलं की अर्थ जगण्याच्या रीतीकडे झुकतो. स्तोत्रसंहिता १६:११ मध्ये भक्त म्हणतो की देव मला ही वाट दाखवील. नीतिसूत्रे १५:२४ मध्ये शहाण्याची हीच वाट वर जाते आणि खालच्या शिओलपासून, म्हणजे मृतांच्या लोकापासून, त्याला वाचवते.

यात फक्त अध्यात्मच आहे असं मात्र समजू नका. उत्पत्ती १८:११ मध्ये अब्राहामाची म्हातारी बायको सारा हिची 'स्त्रियांची ओरख' थांबली होती असं म्हटलंय, म्हणजे सरळ मासिक पाळी! नेहमीचा क्रम, रीत, हा अर्थ तिथे स्वच्छ दिसतो.

वाटेसाठी हिब्रूतला नेहमीचा शब्द 'देरेख'. त्याचं मूळ पायाने तुडवण्यात आहे. द्राक्षं तुडवायलाही तेच क्रियापद. 'ओरख' त्यामानाने काव्यात जास्त.

पुढे योसेफ कारोच्या 'शुल्हान आरुख' या सोळाव्या शतकातल्या यहुदी धर्मसंहितेच्या पहिल्या भागाला 'ओरख खायिम' हेच नाव आहे. त्यात रोजच्या प्रार्थना, शब्बाथ म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सणवार यांचे नियम आहेत. सुरुवातच अशी की सकाळी सिंहासारखं बळ आणून उठावं, निर्मात्याच्या सेवेसाठी.