देवी रुसली की कोळसा धुमसला?

इंग्लंडमधल्या लीड्समध्ये राहणारी, तिशी ओलांडलेली एक बाई. विक्का या आधुनिक चेटूक-पंथाची साधना करते, कुठल्या मंडळात न जाता, एकटीने. माझ्याकडे तिने मांडलेली तक्रार अशी: "लागोपाठ दोन पौर्णिमांचे विधी चुकले. तेव्हापासून हेकटीसमोर, म्हणजे मी मानते त्या ग्रीक देवीसमोर, बसलं की डोकं ठणकतं, मळमळतं. माझा वाटाड्या लांडगा ध्यानात येईनासा झालाय, उलट जिथे तिथे कावळे दिसतात. देवी रागावली का?"

आपल्याकडे नवस फेडायचा राहिला की लागतो तोच हा घोर. पण १९५१ साली ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा रद्द झाल्यावर जेराल्ड गार्डनर यांनी उघडपणे मांडलेल्या या पंथात चुकलेल्या पौर्णिमेला दंड नाही.

मग विधीची चौकशी केली. झोपायची लहान खोली, थंडीमुळे खिडकी बंद. कोळशाच्या दोन टिकल्यांवर ऊद. दिवसभर उपास, रात्री अकराला विधीचं वर्तुळ आखायचं, मग पाऊण तास ढोलाचा ठेका ऐकत डोळे मिटून बसायचं. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निघतो. त्याला वास नसतो, आणि डोकेदुखी, मळमळ ही त्याचीच लक्षणं.

"बाहेर गेल्यावर बरं वाटतं?"

"लगेच."

कोळसा त्याच दिवशी बंद. तरी सगळा दोष उदावर टाकून चालत नाही, म्हणून गॅसचा बॉयलर तपासून घ्यायला, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवायला आणि डॉक्टरांना भेटायला सांगितलं. पुढचे विधी एका मेणबत्तीवर, खिडकी चार बोटं उघडी ठेवून, जेवल्यानंतर, पंधरा मिनिटं. वर्तुळ मोडण्याआधी पाव आणि पेय घेणं हा विक्कातला जुनाच भाग. मन जमिनीवर येतं ते त्यानेच, आणि नेमका तोच ती गाळत होती.

लांडग्याचं म्हणाल, तर प्राणी-वाटाड्याची आजची कल्पना गार्डनरकडून आलेली नाही. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मायकेल हार्नर यांच्या शमन-पद्धतीतून (शमन म्हणजे समाधी लावून आत्म्यांशी बोलणारा मांत्रिक) ती इकडे शिरली. हेकटीचा प्राणी कुत्रा. लांडगा आला नाही म्हणून देवीचं काही अडत नाही.

कावळ्यांसाठी चार आठवडे वही: तारीख, जागा, कावळा काय करत होता, आदल्या रात्री झोप किती. आवाज हुकूम सोडू लागले किंवा झोपच उडाली, तर वही बाजूला ठेवून थेट मनोविकारतज्ज्ञ, हेही बजावलं. तसं काही झालं नाही. डोकेदुखी आठवड्यात थांबली. बहुतेक नोंदी निघाल्या एकाच बसथांब्यावरच्या, कचऱ्याच्या डब्यापाशी.

एका नोंदीखाली मात्र तिने रेघ ओढली होती. ती खूण मानायची की नाही, हे तिच्यावरच सोडलं.