विशेष मुलांच्या शाळेत परिचारिका व्हायचे असल्यास तयारी कशी करावी?

आपण जीएनएम या परिचर्या पदविकेच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि परीक्षा होताच थेट विशेष शाळेत रुजू व्हावे का, असे विचारले आहे. पुण्यातील अशा एका शाळेत मी नऊ वर्षे परिचारिका आहे, आणि माझे स्पष्ट मत असे की आधी किमान दोन वर्षे रुग्णालयाच्या बालरुग्ण विभागात काढावीत. तिथे हाकेच्या अंतरावर डॉक्टर असतात. शाळेत मात्र रुग्णवाहिका येईपर्यंत सगळे आपल्यालाच पाहावे लागते.

पात्रतेचा भाग सोपा आहे. जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी पुरते. विशेष शिक्षकांना लागणारी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आपल्याला लागत नाही. अनेक शाळांत परिचारिकेचे स्वतंत्र पद नसते, म्हणून २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांतील जागांकडेही लक्ष ठेवावे. अंगणवाड्या व शाळांमधून मुले तपासत फिरल्याने नजर तयार होते.

खरी तयारी आकडीची करावी लागते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर नीट ताबा नसणे) आणि ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलांमध्ये अपस्मार, म्हणजे वारंवार आकडी येण्याचा आजार, बराच आढळतो. आकडी आली की मुलाला कुशीवर वळवायचे, डोक्याखाली मऊ काही ठेवायचे, घड्याळ पाहायचे आणि तोंडात काहीही घालायचे नाही. आकडी पाच मिनिटांपर्यंत थांबली नाही, तर डॉक्टरांनी त्या मुलासाठी लिहून दिलेले औषध, बहुधा नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा, देऊन १०८ला फोन करायचा. हे सारे शाळेतील मावशींना आणि रिक्षावाल्या काकांनाही शिकवावे लागते, कारण कांदा किंवा चप्पल हुंगवण्याची सवय अजून गेलेली नाही आणि त्यात मोलाची मिनिटे जातात.

जेवणाची सुट्टी हीदेखील आपलीच जबाबदारी समजावी. गिळायला त्रास होणाऱ्या मुलाला मान मागे टाकून भरवले, तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. त्याला ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, लहान घास द्यावे लागतात. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला असणे) असलेल्या बऱ्याच मुलांची लघवी ठरावीक वेळी नळीने काढावी लागते, आणि त्यांच्यापैकी अनेकांना लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, ॲलर्जी असल्याने हातमोजे व नळ्या लॅटेक्सविरहित हव्यात.

सर्वांत अवघड म्हणजे न बोलणाऱ्या मुलाचे दुखणे ओळखणे. आमच्याकडचा एक मुलगा आठवडाभर स्वतःच्या कानावर बुक्क्या मारत होता. वर्गात ते हट्टीपणाचे वागणे मानले गेले, आणि मलाही पहिले तीन दिवस तसेच वाटले, याची खंत अजून आहे. तपासणीत कान आतून पिकलेला निघाला. तेव्हापासून वागण्यात अचानक बदल दिसला की मी आधी कान, दात, पोट आणि शौचाची नोंद पाहते. प्रत्येक मुलाचे वहीत वेगळे पान ठेवते: एरवी ते किती खाते, कसे रडते, दुखले की काय करते. ही माहिती कोणत्याही फाइलमध्ये नसते, ती आईकडे असते. म्हणून बालरुग्ण विभागात असताना, आकडी येऊन गेलेले मूल झोपले की त्याच्या आईशेजारी थोडे बसा आणि आकडीच्या आधी तिला काय दिसले होते, ते विचारा.