तेलनगरीत बदली आणि मुलांची शाळा

नॉर्वेतल्या स्टॅव्हँगरला आलेल्या आणि यायला निघालेल्या पालकांची पत्रं.

प्रश्न : तीन वर्षांसाठी बदली आहे. मुलगी सात वर्षांची. इंटरनॅशनल शाळा की नॉर्वेजियन?

इथल्या सरकारी शाळेत फी नाही आणि सातवीपर्यंत गुणही देत नाहीत. या वयात मूल नवी भाषा पटकन उचलतं. मुक्काम लांबण्याची थोडी जरी शक्यता असली तरी मी हीच शाळा सुचवेन. तीन वर्षांनी नक्की परतणार असाल तर मात्र इंग्रजी शाळा बरी. 1960च्या दशकात तेल शोधायला कंपन्या आल्या आणि 1969 मध्ये उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात तेल सापडलं. अशा ये-जा करणाऱ्या घरांसाठीच इथे इंग्रजी शाळा आल्या. फी कंपनी भरणार असेल तर किती वर्षं भरणार आणि करार स्थानिक झाल्यावर, म्हणजे बदलीच्या सवलती संपल्यावर काय, हे आधी लेखी घ्या. 2014 मध्ये तेलाचे भाव कोसळल्यावर इथे हजारो नोकऱ्या गेल्या. तोंडी आश्वासनावर मुलीची शाळा ठरवू नका.

प्रश्न : मुलगा दहावी झालाय. आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) डिप्लोमा करून भारतात इंजिनीअरिंगला येता येईल?

येईल, पण विषय पहिल्याच दिवशी नीट निवडा. सहा विषयांपैकी भौतिक, रसायन आणि गणित हवेतच. गणितात 'अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस' हा अभ्यासक्रम घ्या. जेईईची तयारी मात्र वेगळी करावी लागेल, आयबीच्या अभ्यासात ती होत नाही.

प्रश्न : डबा तसाच परत येतो. मुलगा म्हणतो, "पोळी-भाजी नको."

इथली मुलं डब्यात पावाचे थंड काप आणतात, वर चीजचा पातळ तुकडा. जेवायला वेळ थोडा असतो आणि मग पावसातसुद्धा बाहेर खेळायचं असतं. थंड भाजी चमच्याने खात बसायला त्याला फुरसतच नाही. पोळीची घट्ट गुंडाळी करून द्या, आत बटाट्याची सुकी भाजी किंवा तूप-साखर. एका हाताने खाता आली पाहिजे. बरोबर चांगला रेनकोट आणि जादा मोजे द्या. ओल्या मोज्यांनी मूल जास्त चिडतं.

प्रश्न : मुलीची जिवलग मैत्रीण जूनमध्ये ह्यूस्टनला गेली. तेव्हापासून ती कुणाशी बोलत नाही. "नवीन मैत्रीण करून काय उपयोग," म्हणते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इंटरनॅशनल शाळांत दर उन्हाळ्यात वर्गातली काही बाकं रिकामी होतात आणि ऑगस्टमध्ये तिथे नवी मुलं बसतात. आपण मोठी माणसं याला बदली म्हणतो. तिच्या दृष्टीने जवळचं माणूस गेलंय. "दुसरी मिळेल" असं तिला कृपा करून म्हणू नका. मैत्रिणीशी बोलण्याचा आठवड्यातला एक वार ठरवा, वेळेचा फरक सांभाळून. वर्गशिक्षिकेला कळवा. शक्य असेल तर तिला शाळेबाहेरच्या एखाद्या हँडबॉल किंवा फुटबॉल क्लबात घाला. तिथली मुलं याच गावची असतात, पुढच्या जूनमध्येही ती इथेच असतील. डिसेंबरपर्यंत ती तशीच गप्प राहिली, झोप किंवा जेवण बिघडलं, तर शाळेच्या समुपदेशकाकडे न्या. त्या महिन्यात इथे दिवस जेमतेम सहा तासांचा असतो, तोवर थांबण्यापेक्षा ऑक्टोबरातच गेलात तर उत्तम.