साध्या फाइलींचं ऑनलाइन पुस्तक : वाचकांचे प्रश्न

मजकूर साध्या टेक्स्ट फाइलींत ठेवायचा आणि वेबवरचं पुस्तक त्यातून आपोआप बांधून घ्यायचं, या विषयावर इंदूरच्या वाचकांनी पाठवलेले काही प्रश्न.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिकांतले ४० निवडक लेख वर्डमध्ये टाइप करून तयार आहेत. ते वेबवर पुस्तकासारखे हवेत, अनुक्रमणिकेसकट. नवा लेख आला की दर वेळी कुणाच्या पाया पडायला लागू नये. खर्च किती येईल? (सुदामानगर)

उत्तर : खर्च शून्यावर आणता येतो, वेळ मात्र द्यावा लागेल. आधी वर्डच्या फाइली ‘पँडॉक’ने मार्कडाउनमध्ये बदलून घ्या. हा मोफत प्रोग्राम आहे, आणि शीर्षकं, ठळक शब्द, तळटीपा तो शाबूत ठेवतो. मार्कडाउन म्हणजे २००४ सालापासून चालत आलेली साधी खुणांची पद्धत : ओळीच्या सुरुवातीला हॅश आणि एक जागा म्हणजे शीर्षक, दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे म्हणजे ठळक, मधली रिकामी ओळ म्हणजे नवा परिच्छेद.

मग ‘एमडीबुक’ घ्या. मार्कडाउनच्या फाइलींतून वेबवरचं पुस्तक बांधणारा हा प्रोग्राम आहे. कमांडच्या खिडकीत ‘इनिट’ हा हुकूम दिला की तो एक फोल्डर मांडून देतो. त्यात ‘एसआरसी’ नावाच्या फोल्डरात लेख टाकायचे आणि ‘समरी’ नावाच्या फाइलीत (नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत) लेखांची यादी लिहायची. हीच यादी डावीकडची अनुक्रमणिका होते. यादीत नसलेला लेख फोल्डरात असला तरी पुस्तकात येत नाही, अर्धवट लेख झाकून ठेवायला हे बरं पडतं. उलट गंमत अशी की यादीत फाइलीचं नाव चुकीचं लिहिलं तर एमडीबुक ओरडत नाही, त्या नावाची कोरी फाइल स्वतःच तयार करतो. वाचकाला कोरं पान दिसतं आणि आपण लेख हरवला म्हणून शोधत बसतो. सेटिंगच्या ‘बुक’ फाइलीत, ‘बिल्ड’च्या खाली, ‘क्रिएट-मिसिंग’ बंद करा. मग चूक झाली की काम तिथेच थांबेल.

‘सर्व्ह’ हुकूम दिला की आपल्याच ब्राउझरात पुस्तक दिसतं, आणि फाइल सेव्ह केली की पान आपोआप ताजं होतं. इथवर सगळं घरच्या संगणकावर.

आता ‘आपोआप’चा भाग. गिटहबवर (फाइली जुन्या नोंदींसकट ठेवणारं संकेतस्थळ) खातं उघडा, सगळं फोल्डर तिथे एका रेपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या कप्प्यात, चढवा. सेटिंग्जमध्ये ‘पेजेस’खाली (वेबपानं दाखवणारी गिटहबची सोय) स्रोत म्हणून ‘गिटहब ॲक्शन्स’ (ठरलेलं काम आपोआप करणारी सोय) निवडा आणि तयार नमुन्यांतला एमडीबुकचा नमुना घ्या. यापुढे कुणीही फाइल बदलली की गिटहबचं यंत्र पुस्तक नव्याने बांधतं आणि वर चढवतं. या नमुन्यात एमडीबुक दर वेळी मुळापासून तयार होतो, त्यामुळे काही मिनिटं जातात, घाबरू नका. हिरवी खूण आली की झालं. लाल फुली आली तर जुनं पुस्तक जसंच्या तसं वाचकांना दिसत राहतं. नमुन्यात एमडीबुकच्या आवृत्तीचा आकडा लिहिलेला असतो. घरी जी आवृत्ती आहे तीच तिथे लिहा, नाहीतर घरी एक आणि वेबवर दुसरंच. नमुन्याची ही फाइल हाताने बदलताना टॅब वापरू नका, जागाच द्या. एका टॅबवर सगळं अडतं.

जागेची चिंता नको. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह ३ बाइट खातं, तरी ३०० पानांचा मजकूर साधारण २ एमबीत मावतो. पेजेसची मर्यादा १ जीबी आहे. भरतात ते फोटो. ब्राउझरमधून चढवताना एक फाइल २५ एमबीपर्यंतच चालते.

एक गोष्ट मात्र आधीच ठरवा. फुकट खात्यात पेजेससाठी रेपॉझिटरी सार्वजनिक ठेवावी लागते, आणि खोडलेला मजकूर जुन्या नोंदींत शिल्लक राहतो. स्मरणिकेच्या शेवटी सभासदांचे पत्ते आणि फोन असतील तर ते चढवण्यापूर्वीच काढा.

प्रश्न : आजीच्या ओव्या टाइप केल्या. घरी चार ओळी चार दिसतात, पुस्तकात सगळं सलग एका ओळीत येतं. प्रस्तावनेचे परिच्छेद मात्र करड्या चौकटीत, वेगळ्याच टंकात आणि उजवीकडे कापले जातात. (रामबाग)

उत्तर : दोन वेगळे आजार आहेत. मार्कडाउनमध्ये नुसता एंटर म्हणजे नवी ओळ नव्हे. ओळीच्या शेवटी दोन जागा द्या किंवा उलटी तिरकी रेघ. रेघच बरी, कारण जागा डोळ्यांना दिसत नाहीत आणि काही एडिटर त्या सेव्ह करताना झाडून टाकतात. कडव्याच्या शेवटच्या ओळीला काही लागत नाही, तिथे रिकामी ओळ येतेच.

दुसरा आजार टायपिंगच्या जुन्या सवयीचा. परिच्छेदाची पहिली ओळ आत घ्यायला आपण चार-पाच वेळा स्पेसबार दाबतो. रिकाम्या ओळीनंतर चार जागा किंवा एक टॅब आला की मार्कडाउनला वाटतं, हा संगणकाचा प्रोग्राम आहे, म्हणून चौकट. सुरुवातीच्या जागा सरसकट काढा.

याच घरातली आणखी एक खोड : परिच्छेद इंग्रजी अंकांतल्या सालाने आणि लगेच पूर्णविरामाने सुरू झाला, तर तो यादीतला १९५६वा मुद्दा समजला जातो. ‘१९५६ साली’ असं लिहिलं की प्रश्नच नाही. देवनागरी अंकांना मार्कडाउन यादी मानतच नाही, त्यामुळे क्रमांकित यादी हवी असेल तेव्हा फाइलीत इंग्रजी अंकच घाला.

प्रश्न : ठळक केलेल्या शब्दाला ‘मध्ये’, ‘ने’ जोडलं की कधी तारे तसेच दिसतात. (लोकमान्य नगर)

उत्तर : अवतरणचिन्ह ताऱ्यांच्या आत गेलं आणि बंद होणाऱ्या ताऱ्यांना प्रत्यय चिकटला की असं होतं. आधी विरामचिन्ह आणि नंतर अक्षर दिसलं की यंत्र ते तारे बंद होणारे मानत नाही. अवतरण बाहेर, तारे आत, असं लिहा. तिरप्या अक्षरांसाठीही खालची रेघ वापरू नका, एकेक ताराच वापरा. प्रत्यय जोडला की रेघ काम करत नाही. या नियमाला मराठीची विभक्ती ठाऊक नाही.

प्रश्न : ‘पायऱ्या’ शब्द सगळीकडे ‘पायथा’ करायचा होता. शोधा-बदला चालवलं, तरी निम्मे तसेच राहिले. (राजवाडा परिसर)

उत्तर : डोळ्यांना एक दिसणारं अक्षर फाइलीत दोन प्रकारे लिहिलं गेलंय. कुणी खालच्या टिंबाचा ऱ वापरतो, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक. छापून येतं एकसारखंच, पण एडिटरच्या लेखी ते दोन शब्द. ‘ॲ’चंही तसंच : काही कळफलक अ आणि वर चंद्र अशी जोडी देतात, काही २००८ साली युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणारी जागतिक पद्धत) आलेलं स्वतंत्र अक्षर. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण या जोड्या एक करत नाही. चढवण्यापूर्वी एकच रूप ठरवा आणि दोन्ही जोड्यांसाठी सगळ्या फाइलींवर बदल चालवून घ्या. नंतर शब्द बदला.

जाता जाता, एमडीबुकचा स्वतःचा शोध इंग्रजीसाठी बांधलेला आहे, मराठी शब्द त्याला सापडत नाहीत. तो बंद करा. वर प्रिंटरचं चिन्ह असतं, ते दाबल्यावर आख्खं पुस्तक एका पानावर उघडतं. छपाईची खिडकी रद्द करून तिथे ब्राउझरचा शोध वापरायचा.

प्रश्न : फाइलींची नावं मराठीत ठेवली तर चालेल का? (नारायण बाग)

उत्तर : चालेल, पण व्हॉट्सॲपवर दुवा पाठवून बघा. ‘प्रस्तावना’ या एका शब्दाची टक्केचिन्हांसकट ९० अक्षरं होतात. रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, मध्ये जागा न सोडता नावं द्या. छोटी अक्षरं यासाठी की विंडोज लहान-मोठं अक्षर एकच मानतं, गिटहबचं सर्व्हर मानत नाही. घरी दिसणारा फोटो वेबवर गायब असेल तर आधी हेच तपासा.

प्रश्न : पुस्तकात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. (इंदूरच्या चार वाचकांनी विचारलं आहे!)

उत्तर : सेटिंगच्या ‘बुक’ फाइलीत भाषा लिहिलेली नसेल. तिथे मराठीचा दोन अक्षरी संकेत, म्हणजे एम आणि आर, घाला. नोटो सान्स देवनागरीसारख्या टंकांत पाकळीचा ल आणि देठाचा श असतात, पण पानाची भाषा मराठी आहे हे कळलं तरच ते बाहेर येतात. वाचकाच्या फोनवर टंक कुठला असेल याचा नेम नाही, म्हणून टंकाची फाइल पुस्तकासोबतच द्या आणि जादा सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणारी फाइल) त्याचं नाव लिहा. तिथेच ओळींमधलं अंतर १.७ करा. मूळ अंतर रोमन अक्षरांच्या मापाचं आहे, त्यात वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांना खेटतात.