आवाज बसण्याचा हृदयाशी संबंध असू शकतो का?

क्वचित, पण हो. डाव्या स्वरतंतूची नस सरळ गळ्यात येत नाही. छातीत उतरते, महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीच्या) कमानीला खालून वळसा घालते आणि परत वर चढते. हा लांबचा फेराच तिला नडतो. कमान फुगली, किंवा हृदयातली मायट्रल झडप अरुंद होऊन फुप्फुसाची धमनी फुगली, की नस चेपते. मग तंतू हलत नाही, आवाज घोगरा आणि हवा निसटल्यासारखा येतो. ऑस्ट्रियन डॉक्टर नॉर्बर्ट ऑर्टनर यांनी १८९७ मध्ये हे नोंदवलं.

बहुतेकदा कारण सर्दी नाहीतर आरडाओरडाच असतो, उगाच ईसीजीला धावू नका. तीन-चार आठवड्यांत आवाज सुटला नाही तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. डावा तंतू लुळा दिसला तर ते छातीचा सीटी सांगतील. सोबत छातीत-पाठीत अचानक जोराची कळ आली तर थेट इमर्जन्सी गाठा.